पाठीवरचा भरणा

प्रबंध जमा झाला. दिल्ली विद्यापीठ, बी.ए. ऑनर्स इतिहास, चौथं वर्ष. २०२२ साली सीयूईटी ही सामाईक प्रवेशपरीक्षा देऊन आत आलेली आमची चार वर्षांच्या अभ्यासक्रमाची पहिलीच बॅच. त्यामुळे डिसर्टेशन कसं करतात, कुठून सुरू करतात, हे विचारायला आमच्या पुढे कुणी सीनियर नव्हतंच. आता गावाकडून बारावी झालेल्या पोरींचे मेसेज येतायत, "ताई, तू नेमकं केलंस काय?" त्यांच्यासाठी, आणि ज्या घरात पत्र्याच्या पेटीत जुने कागद पडून आहेत अशा सगळ्यांसाठी हे सविस्तर लिहितेय.

एका ओळीत सांगायचं तर मी चार कागद वाचले. १८६४ ते १८७३ या काळात एका शेतकरी घराने सावकाराला लिहून दिलेले तीन कर्जरोखे आणि एक गहाणखत. सगळे मोडी लिपीत, म्हणजे मराठीच्या जुन्या लिपीत.

सुरुवातीला मात्र मला 'दख्खनचे दंगे' हा अख्खा विषय घ्यायचा होता. आमच्याच भागातली गोष्ट ना. १२ मे १८७५ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी जमले, सावकारांकडे रोखे आणि वह्या मागितल्या आणि मिळाल्या तिथे जाळल्या. तिथून ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत तीसहून जास्त गावांत पसरलं. बारावीला एनसीईआरटीच्या पुस्तकात हे प्रकरण वाचताना सुप्याचं नाव दिसलं तेव्हा मी हॉस्टेलच्या मुलींना नकाशा काढून दाखवला होता. गाईड मॅडमनी माझा प्रस्ताव शांतपणे वाचला आणि म्हणाल्या, "चौकशी समितीचा अहवाल १८७६चा आहे. तेव्हापासून लोक यावर लिहितायत. तुझ्याकडे असं काय आहे जे त्यांच्याकडे नव्हतं?"

माझ्याकडे आजोळची पेटी होती.

आजोळ पुरंदर तालुक्यात. माडीवर धान्याच्या कणगीमागे एक पेटी, तिच्यात लाल रुमालात बांधलेलं दफ्तर. लहानपणी आम्हाला तिला हात लावू देत नसत. मामाला फोन केला तर तो लगेच हो म्हणाला, मामीच्या मनात मात्र शंका. "आगं, ह्यातनं जमिनीचं काय निघायचं न्हाई न्हवं? भाऊबंदकीत आधीच काय कमी हाय का?" तिची शंका अगदी रास्त होती. गावात जुना कागद बाहेर काढणं ही साधी गोष्ट नसते, एका चिठोऱ्यावरून दोन पिढ्या कोर्टात गेलेली घरं आम्ही पाहिलीत. मग बसून ठरवलं: कागद घराबाहेर न्यायचे नाहीत, फोटो तिथेच काढायचे, आणि प्रबंधात गावाचं, घराचं, सावकाराचं, कुणाचंच खरं नाव येणार नाही. मॅडमनी हेच लेखी संमतीपत्रात घालायला लावलं. मामाने त्यावर इंग्रजीत सही केली आणि वर तारीख घातली.

मोडी मी दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात पुण्यात शिकले होते. अशा वर्गांना येणारी निम्मी माणसं निवृत्त असतात आणि उरलेली घरचं कागदपत्र वाचायला आलेली. अक्षरओळख काही आठवड्यांत होते. पुढे खरा कागद समोर आला की सगळं नव्याने सुरू होतं. मोडी लिहिणारा आधी डावीकडून उजवीकडे सरळ रेघ मारतो आणि मग तिला अक्षरं लटकवत जातो. बोरू शक्यतो उचलायचा नाही. दोन शब्दांमध्ये जागा नाही, पूर्णविराम नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. म्हणजे ओळीत शब्द कुठे संपतो हे डोळ्याला दिसत नाही, ते अर्थावरून कळतं. आणि अर्थ कळायला कागद कुठल्या जातीचा आहे ते माहीत लागतं. कर्जरोख्याचा मायना एकदा पाठ झाला, 'कारणे कर्जरोखा लिहून दिल्हा ऐसा जे', की पुढचं निम्मं वाक्य आपोआप उलगडतं. रकमा तर वेगळंच शास्त्र. पावासाठी एक उभी रेघ, अर्ध्यासाठी दोन, पाऊणसाठी तीन. '१॥' दिसलं की दीड वाचायचं. धान्य मण-पायलीत: चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण.

पुण्याला मोडी वाचणारे एक काका आहेत, आयुष्यभर हेच काम केलेलं. त्यांची परवानगी घेतली नाही म्हणून नाव लिहीत नाही. माझं प्रत्येक लिप्यंतर त्यांनी व्हिडिओ कॉलवर तपासलं. कागद स्क्रीनवर मोठा करायचा, मी मोठ्याने वाचायचं, ते डोळे मिटून ऐकणार. मध्येच "थांब. परत." परत वाचलं की म्हणणार, "अगं, कुळकर्ण्याचा हात आहे हा, घाईतला. 'रोख' नाही, 'रोखा' आहे. मायन्यात 'रोख' इथे येईल का?" असं तासन्तास.

आणि मॅडमना मोडीच काय, मराठीही येत नाही. त्यांचा अभ्यास शेतीच्या इतिहासाचा, उत्तर भारतातला. सुरुवातीला मला हा मोठा अडथळा वाटला होता, पण त्यानेच काम पक्कं झालं. "तू म्हणतेस तसंच लिहिलंय हे मी कसं मानू?" हा त्यांचा प्रश्न. त्यामुळे परिशिष्टात प्रत्येक कागदाचा फोटो, त्याखाली ओळीला ओळ जुळवून देवनागरी, त्याखाली इंग्रजी. जिथे वाचन पक्कं नाही तिथे चौकटी कंसात प्रश्नचिन्ह. आता कुणीही उठून माझं वाचन चूक ठरवू शकतं, आणि ते तसंच असायला हवं.

आता कागदांकडे येते.

पहिला रोखा शके १७८६, मार्गशीर्ष. म्हणजे १८६४चा शेवट. अमेरिकेतलं यादवी युद्ध अजून चालू होतं, त्यामुळे इथल्या कापसाची तेजी होती, दख्खनमध्ये सावकार सढळ हाताने पैसे देत होते. आमच्या रोख्यात कापसाचं नाव नाही. बैल घ्यायला पन्नास रुपये. व्याज दरमहा दर शेकडा दोन. खाली कुणब्याची सही म्हणून काढलेला छोटा नांगर. हा नांगर मी किती वेळ बघत बसले होते. लिहिणाऱ्याने मजकूर सरसर लिहिलाय, आणि खाली एका वेगळ्या हाताने, शाई जास्त घेऊन, दाबून काढलेल्या चार-पाच रेघा. फाळाच्या टोकाशी शाईचा ठिपका फुटून कागदाच्या मागे उतरलाय. माझ्या आजीच्या आजोबांच्या वडिलांनी बोरू हातात धरला असेल तर तो बहुधा एवढ्याचपुरता.

दुसरा रोखा शके १७८९, प्रभवनाम संवत्सर, पंचाहत्तर रुपयांचा. तिसरा शंभराचा. त्याच्या शकाचा शेवटचा आकडा कसरीने खाल्लेला, १७९ पुढे भोक. पण संवत्सराचं नाव शाबूत होतं, प्रमोद. शकात बारा मिळवून साठाने भागायचं, बाकी राहील तो संवत्सराचा क्रम. प्रमोद चौथा. १७९२ अधिक १२ म्हणजे १८०४, साठाने भागून बाकी चार. संवत्सरं साठ वर्षांनी फिरून येतात, त्यामुळे १७९० ते १७९९मध्ये दुसरं कुठलं वर्ष बसूच शकत नाही. काकांनी हे शिकवलं तेव्हा मला जितका आनंद झाला तितका पदवीचा निकाल बघूनही होणार नाही. चौथा कागद शके १७९५, श्रीमुख संवत्सर, दीडशे रुपयांचं गहाणखत, जमिनीचं.

पन्नास, पंचाहत्तर, शंभर, दीडशे. दर तीन वर्षांनी एक कागद. वरवर बघितलं तर एक शेतकरी दर तीन वर्षांनी जास्त-जास्त कर्ज काढतोय असं दिसतं, आणि त्या काळच्या सरकारी लिखाणात कुणब्याच्या उधळेपणाबद्दल, लग्नकार्यातल्या खर्चाबद्दल जे वाचायला मिळतं त्याच्याशी हे छान जुळतं. दुसऱ्या रोख्यात तर स्पष्ट लिहिलंय, 'घरखर्चाकरितां रोख घेतले'. मीही पहिला मसुदा याच दिशेने लिहीत होते.

मग एका रात्री पप्पांशी फोनवर बोलत होते. पप्पा बारामती तालुक्यात शेती करतात, ऊस आणि थोडी बाजरी. काय वाचतेयस म्हणाले, मी आकडे सांगितले. ते लगेच म्हणाले, "तीन-तीन वर्षांनी? म्हंजे नवं-जुनं केलंय की त्यानं." ज्यांच्या घरी सोसायटीचं पीककर्ज आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. मार्च आला की जुनं भरल्याचं दाखवायचं आणि नवं उचलल्याचं दाखवायचं. पैसा हातात येत नाही, कागद तेवढा बदलतो.

फोन ठेवला आणि फोटो परत उघडले, या वेळी पाठीमागचे. रोख्याच्या पाठीवर भरण्याच्या नोंदी असतात. पहिल्याच्या पाठीवर: बाजरी तीन मण, रुपये सहा. रोख पाच. एकूण अकरा. आता हिशेब करा. पन्नास रुपयांवर महिन्याला एक रुपया व्याज, छत्तीस महिन्यांचे छत्तीस. मुद्दलासह शहाऐंशी. त्यातून अकरा वजा, राहिले पंचाहत्तर.

दुसरा रोखा नेमका पंचाहत्तरचा आहे.

दुसऱ्याच्या पाठीवर रोख चौदा, बाजरी पाच मणाचे दहा, कडब्याचे पाच. एकोणतीस. पंचाहत्तरवर तीन वर्षांचं व्याज चौपन्न, एकूण एकशे एकोणतीस, वजा एकोणतीस, शंभर. तिसरा रोखा शंभराचा. तिसऱ्याच्या पाठीवर बावीस. शंभरावर बहात्तर व्याज, एकशे बहात्तर, वजा बावीस, दीडशे. गहाणखत दीडशेचं. आणि हे आकडे तेव्हाच जुळतात जेव्हा भरणा मधल्या काळात झालेला असूनही व्याज पूर्ण मुद्दलावर, पूर्ण तीन वर्षं धरलं असेल. आधी दिलेल्या बाजरीने व्याज एक पैसाही कमी झालेलं नाही. काकांनी विचारलं, "अधिक महिना धरलाय का बघ." नाही धरलेला. तीन वर्षांत एखादा अधिक मास पडतोच, पण हिशेब बरोबर छत्तीस महिन्यांचा.

म्हणजे बैलाचे पन्नास रुपये एकदाच हातात आले होते. त्यावर नऊ वर्षांत बासष्ट रुपयांचा माल आणि रोकड देऊन झाली, आणि तरी दीडशे रुपयांपोटी जमीन गहाण गेली.

त्या रात्री मला झोप आली नाही. आनंद होता, कारण आकडे जुळणं ही फार मोठी गोष्ट असते. आणि राग होता. पाचव्या पिढीतला राग, ज्याचा कुणाला काही उपयोग नाही, पण होता. सकाळी मॅडमना सगळं दाखवलं. त्यांनी कॅल्क्युलेटर घेऊन स्वतः परत केलं, मग म्हणाल्या, "उत्तम. आता सांग, यातलं कागद किती सांगतो आणि तू किती सांगतेस?"

पुढचे दोन महिने याच प्रश्नात गेले. तीनच वर्षं का, याचं उत्तर कायद्यात आहे. १८५९च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावर दावा लावायला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू कर्जदाराला व्याजाच्या डोंगरापासून वाचवण्याचा होता, पण सावकारांनी मुदत संपायच्या आत नवा रोखा लिहून घ्यायला सुरुवात केली आणि व्याज मुद्दलात मिसळत गेलं. चौकशी समितीपुढे शेतकऱ्यांनी नेमकं हेच सांगितलं होतं. माझे कागद त्या साक्षींना आकड्यांची जोड देतात. पण 'रोख घेतले' हे खोटं लिहून घेतलं असं मला म्हणता येतं का? आकडे सांगतात की रोख आलेली नसावी. ते वाक्य फसवायला लिहिलं, की मायन्याचा भाग म्हणून रोखा लिहिणाऱ्याने सवयीने टाकलं, हे कागद सांगत नाही. तिसऱ्या रोख्यात तर सरळ 'मागील बाकी' असा शब्द आहे. म्हणून प्रबंधात मी 'फसवणूक' हा शब्द एकदाही वापरलेला नाही. मामाला हे पटलं नाही. तो म्हणाला, "मग काय म्हणायचं त्याला?" मी म्हटलं, हिशेब म्हणायचं, आणि पूर्ण मांडायचा.

शेवटचं प्रकरण १८७९च्या दख्खन शेतकरी मदत कायद्यावर आहे. पुणे, सातारा, नगर, सोलापूर या चार जिल्ह्यांसाठीचा. न्यायमूर्ती रानड्यांनी पुढे याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केलं. या कायद्यातली मला सगळ्यात भिडलेली तरतूद अशी की न्यायाधीशाने रोख्यावरची रक्कम प्रमाण मानून निकाल द्यायचा नाही, व्यवहार सुरू झाला तिथपर्यंत मागे जाऊन कर्जाचा इतिहास तपासायचा. शेवटच्या कागदावरून पहिल्याकडे. मी हॉस्टेलच्या खोलीत जे केलं तेच काम त्या कायद्याने कोर्टाला सांगितलं होतं, फक्त आमच्या घराच्या गहाणखतानंतर सहा वर्षांनी. १८७५चा एकही कागद दफ्तरात नाही. सुप्याला त्या दिवशी आमच्यातलं कुणी गेलं होतं का, हे कळायला काही मार्ग दिसत नाही आणि मी त्याबद्दल एक ओळही लिहिलेली नाही.

मला एक गोष्ट अगदी मनापासून वाटते. पदवीच्या मुलांना मूळ कागद हातात द्यायला हवेत. आपल्याकडे समज असा की संशोधन पीएच.डी.ला करायचं, तोवर दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचून तिसरं काहीतरी लिहायचं. पुण्याच्या पुराभिलेखागारात हजारो रुमाल मोडी कागद आहेत, घराघरांतल्या माड्यांवर किती असतील त्याचा हिशेबच नाही. ते वाचणारी माणसं साठीच्या पुढची. वीस-एकवीस वर्षांच्या पोरांकडे वेळ असतो, डोळे चांगले असतात, आणि चार कागद नीट वाचायला फार मोठा सिद्धान्त लागत नाही. आमच्या वर्गातल्या एका मुलीने आजीच्या फाळणीनंतरच्या निर्वासित छावणीतल्या शिधापत्रिकेवर काम केलं. दुसऱ्याने मिथिलेतल्या आपल्या गावाच्या तळ्यांवर. दोघांचीही कामं मी वाचली आणि मला दोन्हींत असं काही सापडलं जे कुठल्याच छापील पुस्तकात नव्हतं.

बाकी सबमिशनचे दिवस सगळ्यांचे सारखेच. पटेल चेस्टच्या गल्लीत बाइंडिंगवाल्यांकडे एप्रिलच्या अखेरीला पाय ठेवायला जागा नसते, उन्हात उभं राहून नंबर लावायचा. मोडीचे फोटो काळे छापून येत होते तेव्हा छापणाऱ्या दादांनी स्वतः बसून एकेका पानाचा उजेड वाढवून दिला. "ये कौन सी भाषा है?" त्यांनी विचारलं. मराठीच आहे, जुन्या लिपीतली, म्हटल्यावर त्यांनी नांगराचं चित्र बोटाने दाखवून विचारलं, "और ये?" सही आहे म्हटलं.

व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांनी एकच अवघड प्रश्न विचारला: चार कागदांवरून दख्खनबद्दल काय सिद्ध होतं? मी म्हटलं, दख्खनबद्दल काही सिद्ध होत नाही. एका घराबद्दल होतं. पण अशा शंभर घरांचे कागद कुणी याच पद्धतीने, पाठीवरच्या भरण्यासकट वाचले, तर बोलता येईल. आणि छापील अहवालात रोख्याची पाठ दिसत नाही. त्यांनी मान डोलावली आणि हिशेबाचा तक्ता परत बघायला मागितला.

आता राहिलंय ते गहाण जमिनीचं. गहाणखतात सर्व्हे नंबर आहे आणि चतुःसीमा आहे: पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट. होळीच्या सुट्टीत मामा आणि मी गेलो होतो. ओढा आहे, आता कोरडा. गाडीवाटेचा डांबरी रस्ता झालाय. मामाच्या मते ती पट्टी आज जी आमच्याकडे आहे तीच. पण जमिनींच्या एकत्रीकरणात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, त्यामुळे नुसत्या अंदाजावर जाता येत नाही. ती जमीन खरंच सुटली होती का, सुटली तर कधी, की गेली आणि पुढच्या पिढीने दुसरीकडे घेतली, हे बघायला हक्कनोंदणीचे सुरुवातीचे फेरफार काढावे लागतील, १९०३च्या कायद्यानंतरचे. जुलैत पाऊस लागला की मामाला शेतातून जरा सवड होते. त्याने तालुक्याला माझ्यासोबत यायचं कबूल केलंय, आणि मामीने या वेळी स्वतःहून सांगितलं की जाताना सातबारा बरोबर ठेवा, तिथं विचारतील.